ब्रेकच्या पाइपची वाट

हायड्रॉलिक ब्रेक असलेल्या मोटारीत पायाचा जोर चाकांपर्यंत नेतो तो करंगळीहून बारीक नळीत कोंडलेला द्रव. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ब्रेक ऑइलवर दाब आणतो आणि पास्कलच्या नियमाप्रमाणे तोच दाब चारही चाकांच्या व्हील सिलिंडरांपर्यंत सारखा पोचतो. पायाचा जोर 300 न्यूटन, म्हणजे सुमारे 30 किलो वजनाइतका धरला, पेडलच्या तरफेने तो पाचपट झाला आणि मास्टर सिलिंडरचा व्यास पाऊण इंच असला, तर नळीतला दाब 50 बारच्या वर जातो. टायरमधल्या हवेच्या दाबाची ही पंचवीसपट झाली. समोर अचानक माणूस आला आणि चालकाने सारा जोर पेडलवर टाकला, तर तो 100 बारपर्यंतही चढतो. हे सगळे पेलणाऱ्या नळीचा बाहेरचा व्यास असतो 4.75 मिमी आणि भिंतीची जाडी जेमतेम 0.7 मिमी.

जुनी गाडी पुन्हा उभी करताना इंजिन आणि रंगकाम यांवर पैसा आणि लक्ष दोन्ही खर्च होते. ब्रेकचे पाइप मात्र शेवटच्या आठवड्यात, घाईने, हाताला लागेल त्या नळीतून वळवले जातात. हा क्रम उलटा व्हायला हवा. इंजिन बंद पडले तर गाडी थांबते. पाइप फुटला तर ती थांबत नाही.

महाराष्ट्रात या कामाचे सर्वात ओळखीचे उदाहरण म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डी ही गाडी ‘डिलाइट’ या नावाने बनवली; पुढे तीच प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने पिढ्या वाहिल्या आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ती टॅक्सीसेवेतून कायमची गेली. खासगी मालकांकडे उरलेल्या गाड्या आता जतनासाठी गॅरेजात येतात. चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे सलग अ‍ॅक्सल आणि पाटे, वेगळी शॅसी नसलेला एकसंध सांगाडा अशी तिची घडण. मास्टर सिलिंडरकडून निघालेला दाब पुढे एका टी-जोडातून दोन पुढच्या चाकांकडे फुटतो; एक लांब पाइप तळाच्या पत्र्याखालून मागे जातो, तिथे रबरी होजमधून अ‍ॅक्सलवर उतरतो आणि दुसऱ्या टी-जोडातून डावीकडे-उजवीकडे वाटला जातो. पुढच्या प्रत्येक चाकाला एक आणि मागे एक, असे तीन होज. बाकी सगळा कडक पाइप.

हे पाइप बदलताना दोन दृष्टी समोरासमोर येतात. एक चाळीस वर्षे ब्रेकचेच काम केलेल्या मिस्त्रीची: गाडी सुरक्षित चालली पाहिजे, त्यासाठी जे टिकाऊ आणि हाताला सोपे ते घालावे. दुसरी गाडी जतन करणाऱ्या मालकिणीची, जी स्वतः इंजिनिअर आहे: कारखान्याने जे जसे केले ते तसेच राहावे, बदलाला कारण द्यावे लागेल. पुढचा संवाद या दोन भूमिकांचा आहे. पहिला मुद्दा धातूचा.

मिस्त्री : ताई, लोखंडी पाइप पुन्हा घालू नका. आपल्या हवेत मीठ आहे. क्लिप काढून बघा, बरोबर तिच्याखालीच पाइप सडलेला असतो. तांब्याचा घालू. हाताने वळतो, गंजत नाही.

मालकीण : काका, कारखान्यातून पोलादी पाइप आला होता. तो वर्षानुवर्षं टिकला, हे तुम्हीच सांगता. आणि तांब्याचा म्हणजे फ्रिजवाल्याकडची नळी ना?

मिस्त्री : तीच. दाबाला काही होत नाही तिला. मी कितीतरी गाड्यांना घातली आहे.

दाबाचा मिस्त्रीचा दावा गणिताने खरा ठरतो. मऊ तांब्याची ताणशक्ती सुमारे 220 मेगापास्कल. 4.75 मिमी व्यास आणि 0.7 मिमी भिंत असलेली नळी त्या हिशेबाने सुमारे 650 बारला फुटेल, म्हणजे कडक ब्रेकच्या दाबाच्या सहापटीहून जास्त. पण ब्रेकचा पाइप सहसा एका जोरदार दाबाने फुटत नाही. तो थकून तुटतो. इंजिनची थरथर, रस्त्याचे हादरे, होजच्या टोकाशी होणारी बारीक हालचाल यांनी तांबे हळूहळू कडक होत जाते आणि नटाच्या मागे, जिथे नळी आधाराविना बाहेर येते, तिथे बारीक चीर पडते. फ्रिजच्या नळीत आणखी एक अडचण असते: ती ब्रेकसाठी बनवलेली आणि तपासलेली नसते, त्यामुळे भिंतीची जाडी काय मिळेल याची खात्री नाही.

पोलादी ब्रेक पाइप ही साधी लोखंडी नळी नव्हे. तांब्याचा थर दिलेली पातळ पोलादी पट्टी दोन वेढे गुंडाळतात आणि भट्टीत तापवून त्या तांब्यानेच वेढे एकजीव करतात. त्यामुळे भिंत दुहेरी होते आणि सांध्याची एकच कमजोर रेघ सबंध जाडीतून जात नाही. ताकदीत तिला खोट काढता येत नाही. तिचा शत्रू गंज आहे. बाहेरचा थर खडीने खरवडला गेला, क्लिपखाली ओला चिखल अडकला, की तिथून खड्डे पडू लागतात. भिंत 0.7 मिमीच असल्याने खड्ड्याला फार खोल जावे लागत नाही. आतूनही धोका आहेच, कारण साधे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि वर्षानुवर्षे न बदललेल्या ऑइलमधले पाणी पाइपच्या सर्वात खालच्या वळणाशी काम करत राहते.

मालकीण : मग तिसरा धातू घेऊ, काका. तांबं-निकेल. नव्वद टक्के तांबं, दहा टक्क्यांच्या आसपास निकेल, थोडं लोखंड आणि मँगनीज. व्होल्वोनं 1976 पासून आपल्या गाड्यांना हाच पाइप दिला.

मिस्त्री : वळतो कसा?

मालकीण : तांब्याहून थोडा कडक, लोखंडाहून बराच मऊ. गंजत नाही आणि तांब्यासारखा लवकर थकतही नाही.

मिस्त्री : मग माझा तांब्याचा हट्ट नाही. पण मूळ धातू तुम्हीच सोडलात, हे लक्षात ठेवा.

तांबे-निकेलची ताणशक्ती 300 मेगापास्कलच्या वर जाते. समुद्राच्या पाण्याच्या नळ्यांसाठीही हाच मिश्रधातू वापरला जातो, यावरून खाऱ्या हवेतले त्याचे वर्तन समजते. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात राहणाऱ्या गाडीला दुसरा पर्याय शोधण्याचे कारण नाही. कोरड्या देशावर, छपराखाली उभी राहणाऱ्या आणि प्रदर्शनापुरती चालणाऱ्या गाडीला पोलादी पाइप घालणे योग्यच आहे. शुद्ध तांबे कुठेच नको. रंगाचा प्रश्न किरकोळ आहे. तांबे-निकेलवर पोलादाच्या छटेचा रंग देता येतो आणि जुना पाइप लेबल लावून जपून ठेवता येतो.

धातूवर दोघांचे जुळले, पण वाटेवर जुळत नाही. आणि वाटेचा प्रश्न धातूपेक्षा मोठा आहे. चुकीच्या धातूचा योग्य वाटेने गेलेला पाइप काही काळ तरी साथ देतो. उत्तम धातूचा पाइप सायलेन्सरला खेटून गेला तर तो पहिल्याच घाटात दगा देऊ शकतो.

मिस्त्री : मागचा पाइप सरळ नेऊ या. हा मूळचा बघा, आधी आत जातो, मग वर चढतो, मग बाहेर येतो. निम्मी वळणं नुसती वाया. तळाच्या पत्र्याला लागून एका रेषेत नेला की पाइप कमी, काम कमी, आणि वळण नाही तिथे कमजोरीही नाही.

मालकीण : प्रत्येक वळणाला कारण असणार, काका. ते सापडेपर्यंत एकही काढायचं नाही.

मिस्त्री : आणि हे मूळचंच कशावरून? ही गाडी तीन हातांतून आली आहे. मधे कुणी पाइप बदलला नसेल?

या शेवटच्या प्रश्नात मिस्त्रीचा अनुभव बोलतो, आणि जतन करणाऱ्याने त्याकडे दुर्लक्ष करू नये. गाडीवर आज दिसणारी वाट ही कारखान्याची वाट असेलच असे नाही. मूळ वाटेचा पुरावा पाइपमध्ये नसून पत्र्यात असतो. तळाला स्पॉट वेल्ड केलेल्या पत्र्याच्या छोट्या जिभा, क्लिपसाठी पाडलेली आणि आता रिकामी असलेली भोके, पत्र्यातून आरपार जाण्यासाठी ग्रोमेटसह केलेले गोल छिद्र, आणि जुन्या रंगावर पाइपच्या जागी उमटलेली फिकट पट्टी या खुणा जोडत गेले की वाट उलगडते. म्हणून गाडी रंगाला किंवा पत्राकामाला देण्याआधी तळाची छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक क्लिपची जागा मोजून लिहावी. पत्रा एकदा बदलला किंवा त्यावर जाड लेप चढला की हा पुरावा कायमचा जातो.

वळणांची कारणे शोधली की बहुतेक सापडतात. आत वळलेला भाग सहसा जॅक लावण्याच्या जागेपासून दूर जाण्यासाठी असतो. गाडी उचलताना जॅक पाइपवर टेकला तर नळी चपटी होते आणि मागच्या चाकांपर्यंत दाब उशिरा पोचतो. वर चढलेला भाग सांगाड्याच्या आडव्या पन्हळीत लपलेला असतो, म्हणजे रस्त्यावरची खडी आणि गतिरोधकाचा माथा यांपासून पाइप पत्र्याच्या आडोशाला राहतो. पाइप तळाच्या सर्वात खालच्या पातळीच्या खाली कुठेही लोंबता कामा नये. तिसरे कारण सायलेन्सरचे. ब्रेक ऑइल तापून उकळले तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ दबते, आणि पेडल जमिनीला टेकते. डॉट 3 दर्जाच्या ऑइलसाठी कोरड्या अवस्थेत उकळबिंदू किमान 205 अंश सेल्सियस असावा लागतो, पण पाणी शोषलेल्या अवस्थेत मानक 140 अंशांवरच समाधान मानते. जुन्या गाडीत ऑइल सहसा दुसऱ्या अवस्थेत असते. पाइप सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूने नेता येत असेल तर तसाच न्यावा. एकमेकांना ओलांडावेच लागले तर मध्ये उष्णतेचा पडदा हवा.

चौथे कारण हवेचे आहे आणि ते नव्याने वाट आखणाऱ्याच्या हमखास नजरेतून सुटते. पाइपने उलट्या ‘यू’सारखी उंच कमान केली की तिच्या माथ्यावर हवेचा बुडबुडा अडकतो आणि एअर काढताना ऑइल त्याच्या खालून निघून जाते. पाइप मास्टर सिलिंडरकडून चाकाकडे शक्यतो उतरत जावा किंवा सपाट राहावा. अ‍ॅक्सलवरून जाताना कमान टाळता येत नाही, तिथे ती उथळ ठेवावी. काही गाड्यांत मास्टर सिलिंडरजवळ पाइपचे एक-दोन वेटोळे दिसतात. ती शोभा नाही. दोन वेगळ्या थरथरणाऱ्या भागांमधली हालचाल त्या वेटोळ्यात जिरते. सरळ पाइप घालून ते वेटोळे काढणे म्हणजे सगळी हालचाल नळीच्या फुलवलेल्या टोकाच्या (फ्लेअरच्या) मानेवर सोपवणे.

मिस्त्री : ठीक, मूळ वाट ठेवू. पण इथे, मागच्या सीटखाली, पत्राच नवा बसवला आहे. जुन्या जिभा गेल्या. इथे तरी मला जागा ठरवू द्या.

मालकीण : इथे तुम्हीच ठरवा. फक्त हँडब्रेकची केबल आणि पाइप यांच्यात बोटभर अंतर ठेवा.

मिस्त्री : ते सांगायला नको, ताई. हलणाऱ्या वस्तूजवळ मी पाइप नेत नाही.

पाइप वळवण्याआधी वाटेचा साचा तारेत घ्यावा. साधारण 3 मिमीची जी. आय. तार किंवा वेल्डिंगची उघडी सळी मूळ पाइपच्या बाजूने वाकवत नेली की वळणे आणि त्यांमधली अंतरे दोन्ही हातात येतात. जुना पाइप शाबूत निघाला तर तोच सर्वात चांगला साचा. म्हणून गंजलेला नटही पाइप पिळून काढू नये, गंज सोडवणारे तेल लावून रात्रभर ठेवावा.

लांबी मोजताना कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची बेरीज फसवते. मध्यरेषेची त्रिज्या 15 मिमी धरली तर काटकोनी वळणात कोपऱ्याच्या दोन बाजूंचे मिळून 30 मिमी जायला हवेत, पण पाइप चाप कापत फक्त 23.6 मिमी जातो. दर वळणाला 6 मिमीहून अधिक फरक पडतो; दहा वळणांच्या पाइपला तो सहा सेंटिमीटरच्या पुढे जातो. तारेचा साचा सरळ करून मोजला तर हा हिशेब आपोआप होतो. तरीही टोकाशी थोडी लांबी जास्त ठेवून वळणे पूर्ण झाल्यावरच शेवटचे टोक कापणे शहाणपणाचे.

मिस्त्री : वळवायला यंत्र कशाला? अंगठा आणि जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग पुरते.

मालकीण : तुमच्या अंगठ्याला पुरते. माझ्या अंगठ्याने नळी चपटी होते.

दोघेही बरोबर आहेत. सरावलेल्या हाताला गोल आधारावरचे सैल, मोठे वळण यंत्राइतकेच चांगले जमते, आणि गाडीखाली पडून शेवटची थोडी दुरुस्ती करायची ती हातानेच. लहान त्रिज्येच्या वळणाला मात्र खोबण असलेला बेंडर हवा, कारण खोबण नळीला दोन्ही बाजूंनी धरते आणि तिला अंडाकृती होऊ देत नाही. वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिपटीहून कमी नसावी, म्हणजे या नळीला सुमारे 15 मिमी. पोलाद वाकवल्यावर थोडे परत फिरते, म्हणून ते दोन-तीन अंश जास्त वाकवावे लागते. एकदा आवळून वाकवलेले वळण उलगडून पुन्हा तिथेच वाकवू नये. नळीवर चुणी पडली असेल तर तो तुकडा बाद, त्यावर चर्चा नको.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी एका टोकाला नट घालून फ्लेअर करावा, मग तिथून सुरुवात करून एकामागून एक वळणे घ्यावीत, प्रत्येक वळणानंतर साच्याशी ताडून पाहावे आणि दुसऱ्या टोकाचा नट विसरू नये. फ्लेअरच्या मागे चार सेंटिमीटरभर नळी सरळ राहिली पाहिजे. नाहीतर हत्यार नळीला पकडू शकत नाही आणि नट मागे सरकत नाही.

फ्लेअर म्हणजे नळीचे फुलवलेले तोंड. नट हे तोंड जोडाच्या बैठकीवर दाबून धरतो आणि धातूवर धातू बसून ऑइल अडते. मध्ये कोणतेही वायसर नाही, टेप नाही, सील नाही. म्हणून सगळ्या कामात सर्वाधिक वेळ इथे द्यावा. नळी करवतीने कापू नये, फिरत्या चकतीच्या कटरने काटकोनात कापावी. आतली-बाहेरची धार काढावी. कण नळीत राहू नये म्हणून हवेने फुंकावी. मग तोंड आधी आत दुमडून दुसऱ्या दाबाने शंकूसारखे उघडायचे, हा दुहेरी फ्लेअर. एकेरी फ्लेअर या नळीला चालत नाही. फुलवताना कडा चिरते. दुसरा प्रकार बुडबुड्यासारख्या गोल फ्लेअरचा, आणि त्याची बैठक व नट दोन्ही वेगळे असतात. दोन प्रकारांची अदलाबदल केली तर जोड आवळला जातो, एखाद्या दिवशी गळतही नाही, पण बैठक खराब झालेली असते. कुठला फ्लेअर करायचा हे पुस्तकावरून न ठरवता, काढलेल्या पाइपचे तोंड आणि सिलिंडरमधली बैठक पाहून ठरवावे.

मिस्त्री : नटाचंही तेच. बाजारात अँबेसेडरचे नट आणि फियाटचे नट एकाच डब्यात असतात.

मालकीण : आणि दिसतात सारखे.

मिस्त्री : दिसतात सारखे, बसतातही. तीच तर भीती.

मिस्त्रीची ही सूचना या संपूर्ण संवादातली सर्वात मोलाची आहे. फियाट घराण्याची गाडी मेट्रिक, तर मॉरिस घराण्याची अँबेसेडर इंचाच्या मापाची. 10 मिमी व्यासाचा, 1 मिमी अंतराच्या आट्यांचा नट आणि 3/8 इंची, इंचाला 24 आट्यांचा नट डोळ्यांना वेगळे ओळखू येत नाहीत. इंची नटाचा व्यास 9.5 मिमी आणि आट्यांचे अंतर 1.06 मिमी, तो मेट्रिक भोकात सैलसर शिरतो, काही फेरे फिरतो आणि आवळल्यासारखा वाटतो. पण आटे अर्धवटच धरलेले असतात आणि जोरदार ब्रेकच्या दाबाखाली ते निसटू शकतात. व्हर्नियरने व्यास आणि आट्यांच्या मापपट्टीने अंतर मोजल्याशिवाय एकही नट लावू नये. प्रत्येक नट आधी बोटाने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. मग खाच असलेल्या रिंगपान्याने, साधारण 12 ते 16 न्यूटन-मीटर इतकाच आवळावा. उघड्या पान्याने नटाच्या कडा गोल होतात.

क्लिपा दर 20 ते 30 सेंटिमीटरवर, आतून रबर लावलेल्या; पत्र्यातून आरपार जाताना ग्रोमेट; होजचे टोक ब्रॅकेटला पक्के, होजला पीळ नाही, आणि सुकाणू दोन्हीकडे पूर्ण वळवून व चाक लोंबते सोडून होज ताणत किंवा घासत नाही ना याची तपासणी. यात वाद होण्यासारखे काही नाही. पाइपला मधेच रबरी नळी आणि वर्म ड्राइव्ह क्लिप लावणे, गळत्या जागी ब्रेझिंग मारणे, कॉम्प्रेशन जोड घालणे हे प्रकार गॅरेजात आढळतात आणि त्यांतला एकही क्षम्य नाही.

मोठा मतभेद शेवटी उरतो तो एक मार्ग की दोन मार्ग याचा. 1960 च्या दशकातल्या बहुसंख्य गाड्यांप्रमाणे फियाट 1100 च्या मूळ रचनेत मास्टर सिलिंडरला एकच मार्ग होता. कुठेही गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो आणि हाती उरतो फक्त हँडब्रेक.

मिस्त्री : ताई, बाकी सगळं तुमच्या मनासारखं झालं. इथे माझं ऐका. दोन मार्गांचा मास्टर सिलिंडर बसवा. पुढचा पाइप वेगळा, मागचा वेगळा. एक गेला तरी दुसरा गाडी थांबवेल. अमेरिकेत 1968 पासून नव्या गाड्यांना हे सक्तीचं झालं, ते उगाच नाही.

मालकीण : मान्य. पण मग ही तिच्या मूळ वर्षाची गाडी राहत नाही. आणि तुम्ही डिस्क ब्रेकच्या गाडीचा सिलिंडर आणून बसवाल. ड्रम ब्रेकला पेडल सोडल्यावरही नळीत थोडा दाब टिकवणारा व्हॉल्व्ह लागतो. तो नसला तर व्हील सिलिंडरच्या रबरांमधून हवा आत येईल.

मिस्त्री : व्हॉल्व्ह बाहेरून लावता येतो.

मालकीण : आणि व्यास? मोठा सिलिंडर घातला तर पेडल कडक होईल, लहान घातला तर पेडल जास्त खाली जाईल.

मिस्त्री : मोजून घेऊ. मोजायला तुम्ही आहातच.

कायदा या प्रश्नावर थोडा उजेड टाकतो. केंद्र सरकारने 2021 मध्ये केलेल्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि शॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा. ब्रेकचा पाइप किंवा मास्टर सिलिंडर या यादीत येत नाही. जगभरच्या जुन्या गाड्यांच्या जतनासाठी आंतरराष्ट्रीय महासंघाने स्वीकारलेली तुरिन सनदही बदल कमीत कमी, उलटवता येण्याजोगा आणि नोंदवलेला असावा असे मानते. दोन मार्गांचा सिलिंडर मूळ ब्रॅकेटवर, पत्र्यात नवे भोक न पाडता बसत असेल, तर तो या कसोटीला उतरतो. त्यासाठी पत्रा कापावा लागत असेल तर उतरत नाही.

व्हिंटेज नोंदणीची गाडी नियमाने रोजच्या वापरात आणता येत नाही. वर्षातून काही वेळा मिरवणुकीत, मोकळ्या रस्त्यावर, सावकाश चालणाऱ्या अशा गाडीला मूळ एकमार्गी रचना, नवे पाइप आणि नवे होज यांसह ठेवणे योग्य आहे. साध्या नोंदणीवर शहरात किंवा घाटात नियमित चालणाऱ्या पद्मिनीबाबत मिस्त्रीचे म्हणणे उचलून धरले पाहिजे. तिथे मूळपणासाठी दुसऱ्या मार्गाला नकार देण्याची किंमत रस्त्यावरच्या परक्या माणसाला मोजावी लागू शकते, आणि तो निर्णय घेण्याचा अधिकार मालकाला नाही. या प्रकरणात मालकिणीने गाडी घरून कामावर नेण्याचे ठरवले होते. म्हणून दोन मार्गांचा सिलिंडर आला, मूळ ब्रॅकेटवर, आणि जुना सिलिंडर पाइपांसोबत पेटीत गेला.

शेवटी भरण आणि चाचणी. गाडीच्या रबरांना चालेल तेच ऑइल, सीलबंद डब्यातले. इंजिन ऑइलचा किंवा कुठल्याही खनिज तेलाचा थेंबही नको, त्याने रबरे फुगतात. सिलिकॉनचे डॉट 5 ऑइल पाणी शोषत नाही आणि रंग खात नाही, पण ते साध्या, म्हणजे ग्लायकॉलच्या ऑइलमध्ये मिसळत नाही. घालायचे तर संपूर्ण प्रणाली कोरडी आणि नवी असताना, नाहीतर नाही. एकमार्गी प्रणालीत एअर काढण्याची सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकाने करावी, उजव्या सुकाणूच्या गाडीत सहसा मागच्या डाव्या.

पेडल कडक लागले की एकाने ते पूर्ण जोराने दाबून काही मिनिटे धरावे आणि दुसऱ्याने गाडीखाली प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून पाहावा. पेडल हळूहळू खाली सरकत असेल आणि कागद कोरडा असेल तर दोष मास्टर सिलिंडरच्या आत आहे. कागद ओला झाला तर तो जोड अधिक आवळून गळती थांबवू नये. जास्त आवळल्याने फ्लेअर चिरतो आणि बैठक दबते. जोड उघडावा, तोंड पाहावे, गरज पडली तर टोक कापून फ्लेअर पुन्हा करावा. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर हीच तपासणी पुन्हा एकदा, आणि ग्लायकॉलचे ऑइल असेल तर ते दर दोन वर्षांनी नवे. दोन वर्षे गाडी हलली नसली तरीही ते बदलायचे, कारण पाणी शोषायला ऑइलला चाके फिरावी लागत नाहीत.